सेहेचाळीस किलो

पाऊस पडत असताना तुळशीला पाणी कशाला घालायचं, हे माझ्या आईला विचारायची सोय नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये, चिऱ्यांवर शेवाळाची नुकती हिरवी साय धरली होती तेव्हा, ती पहाटे तांब्या घेऊन मागल्या अंगणात गेली आणि घसरली. हाड मोडलं नाही, पण तिला उठता येईना. गोव्यातल्या माशेलजवळच्या त्या घरात एकटी राहणारी ८३ वर्षांची बाई चाळीसेक मिनिटं ओल्या चिऱ्यांवर बसून राहिली. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंऽ पोंऽ ऐकू आला तेव्हा तिनं हाक मारली. पदेरानं सायकल टेकवली, तिच्या काखांत हात घातले आणि पावाची पाटी उतरवावी तसं तिला उचलून सोप्यावर आणून बसवलं. शेजारी चार उंडे पाव ठेवले. पैसे उद्या द्या, म्हणाला.

मी फोंड्याहून पोचले तोवर तिचा घोटा टम्म सुजला होता. दुपारी तिला न्हाणीत न्यायचं होतं. पदेरानं घातले तसेच मी तिच्या काखांत हात घातले आणि ओढलं. ती खाटेवरून चार बोटं उठली असेल, पुन्हा बसली. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा माझ्याच कमरेत कळ आली. शेवटी शेजारच्या सुनेला हाक मारावी लागली. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुजें वय जालें गो."

(घरात आम्ही कोकणी बोलतो आणि कागदावर मराठी लिहितो. आरत्या मराठीत, जत्रेची नाटकं मराठीत, भांडणं कोकणीत. याचं नवल बाहेरच्यांनाच वाटतं.)

संध्याकाळी डॉक्टरांच्या काट्यावर आईचं वजन भरलं ४६ किलो. मी ६० वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका, आणि ४६ किलो मला उचलवत नव्हते.

फोंड्यात आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर एक जिम आहे. खाली टायरचं दुकान, वर आरसे. तिथला ट्रेनर माझाच विद्यार्थी निघाला. गोव्यात हे टळत नाही, कचेरीत जा, बँकेत जा, काउंटरपलीकडून कोणीतरी "टीचर!" म्हणत उठतंच. दहावीला विज्ञानात मी त्याला ४१ मार्क दिले होते म्हणे. मला आठवत नव्हतं, त्याला मात्र चांगलंच आठवत होतं. कार्ड भरताना 'ध्येय' असा एक रकाना होता. मी म्हटलं, लिही, ४६ किलो जमिनीवरून उचलणे. "शेचाळीसूच कित्याक?" आईचं वजन, म्हटलं. तो हसला नाही. त्यानं लिहून घेतलं आणि लोखंडी बारऐवजी माझ्या हातात एक लाकडी दांडा दिला. पहिले आठ दिवस मी तो दांडा उचलत होते आणि ठेवत होते.

दांडा उचलताना डोकं रिकामं असतं. मी ३२ वर्षं मुलांना स्नायू शिकवले, म्हणजे तीन आकृत्या शिकवल्या. ऐच्छिक, अनैच्छिक, हृदयाचे. ऐच्छिक स्नायूची पेशी लांबोळी, आडव्या पट्ट्यांची, बहुकेंद्रकी. नावे द्या, गुण तीन. 'बहुकेंद्रकी' हा शब्द मी हजारभर मुलांकडून घोकून घेतला असेल. एका पेशीला शेकडो केंद्रकं कशाला लागतात, असं एकानंही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं साठाव्या वर्षी, टायरच्या दुकानावर. मग रात्री वाचायला बसू लागले.

आधी त्या आडव्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधला तुकडा म्हणजे सार्कोमिअर. लांबी दोन-अडीच मायक्रोमीटर, एका मिलिमीटरात चारशेच्या वर बसतात. स्नायू आखडतो म्हणजे आतले धागे आखडत किंवा गुंडाळत असणार, असा पूर्वी समज होता. १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख आले: एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्स्ली एकमेकांचे कोणी लागत नव्हते. दोन्ही लेखांचं म्हणणं एकच, की धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

वर्गात हे मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवायची आणि मुलं जांभया द्यायची. रापण सांगायला हवी होती. मावशीच्या गावी, मांद्र्याला, आम्ही लहानपणी रापण ओढायला धावायचो. होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर दोन बाजूंना, आणि त्यावर माणसांच्या दोन रांगा. प्रत्येकजण दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुढे जाऊन पुन्हा पकडतो. सगळे एकदम सोडत नाहीत, नाहीतर जाळं समुद्र घेऊन जाईल. दोर होता तेवढाच राहतो, माणसांचे हातही आखूड होत नाहीत, तरी दोन्हीकडून जाळं जवळ येत राहतं. सार्कोमिअरमध्ये मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या असंख्य मुंड्या अ‍ॅक्टिनचे धागे दोन्ही बाजूंनी मध्याकडे अशाच ओढतात. पकड, ओढ, सोड. यातली 'सोड' मला सर्वांत चटका लावून गेली. मायोसिनला धागा सोडण्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू लागतो. माणूस गेल्यावर एटीपी तयार व्हायचं थांबतं, मुंड्या दोर धरूनच राहतात, आणि देह ताठरतो. वडील गेले त्या सकाळी त्यांच्या मुठीतून जपमाळ काढायला आम्हाला किती वेळ लागला होता.

महिन्याभरात मी दांड्यावरून २० किलोच्या नुसत्या बारवर आणि तिथून ३० किलोंवर आले. आरशात दंड पाहिला. होता तसाच, लोंबता. "आतां दिसचें ना, टीचर," पोरगा म्हणाला. मग ताकद आली कुठून?

आमच्या गावच्या जत्रेत ऐतिहासिक नाटक असतं. पहिल्या तालमीला संभाजी एन्ट्री चुकतो, औरंगजेब स्वतःची आणि वजिराची अशी दोघांची वाक्यं बोलतो, प्रॉम्प्टर नटांपेक्षा मोठ्यानं ओरडतो आणि पेटीवाला अजून वाटेत असतो. चौथ्या आठवड्यात तीच माणसं, एकही नट न वाढवता, नाटक उभं करतात. स्नायूंचंही पहिल्या महिन्यात असंच चाललेलं असतं. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी स्नायूच्या धाग्यांची एकेक टोळी सांभाळते. लहान टोळ्या आधी बोलावल्या जातात, मोठ्या आणि दणकट शेवटी, अगदीच गरज पडली तर. ज्यानं वर्षानुवर्षं जड काही उचललेलं नाही, त्याच्या शरीराला त्या शेवटच्या टोळ्या नीट बोलावताच येत नाहीत. शिवाय विरुद्ध बाजूचे स्नायू मध्येच आखडून खोडा घालतात. सरावानं बोलावणी वेळेवर आणि भराभर जाऊ लागतात, खोडा सुटतो, आणि स्नायू रेसभर न वाढता वजन वर येतं. मोरितानी आणि डीव्ह्राइज यांनी १९७९ साली हे मोजून मांडलं: सुरुवातीच्या आठवड्यांत मिळते ती ताकद मुख्यतः चेतासंस्थेची, स्नायूची जाडी मागाहून हातभार लावते. आखाड्यालाही तालीम आणि नाटकाच्या सरावालाही तालीम, असं मराठीत म्हणतात. शब्दाचा मूळ अरबी अर्थ म्हणजे शिकवणं. बत्तीस वर्षं मी ज्याचा पगार घेतला ते.

दुसऱ्या महिन्यात ट्रेनरनं मला बाकावर बसायला लावलं. दोन हातांत दोन डंबेल आणि मनात चार आकडे मोजत सावकाश बसायचं, उठताना हवं तसं उठा. यात काय विशेष, असं मी म्हटलं. "फाल्यां कळटलें," तो म्हणाला. फाल्यां म्हणजे उद्या. फाल्यां थोडंच कळलं. तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना भिंत धरावी लागली, आणि कदंबाच्या बसमधून उतरताना कंडक्टरनं हात दिला. त्याचंही नाव बहुधा माझ्या कुठल्यातरी हजेरीपटावर असावं, कारण त्यानं "सावकाश, टीचर" म्हटलं.

इथे एक कबुली. क्रीडादिनाच्या दुसऱ्या दिवशी मुलं पाय ओढत वर्गात यायची तेव्हा मी फळ्यावर लिहायची: लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे स्नायू दुखतात. चूक. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून ओसरतं. दोन दिवसांनी दुखायला ते तिथे नसतंच. दुखतं ते वेगळ्या कारणानं. बाकावर सावकाश बसताना मांडीचा स्नायू जोर लावत असतानाच लांबत जातो. रापणीत लाट जाळं मागे खेचते आणि हात दोर सोडत नाहीत, तेव्हा तळवे सोलून निघतात. तसे काही सार्कोमिअर विस्कटतात, त्या सरळ पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या-फाटक्या दिसतात, मागोमाग सूज येते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. डोंगर चढण्यापेक्षा उतरून आल्यावर गुडघ्यांच्या वरचा भाग जास्त धरतो तो यामुळेच. पुढच्या आठवड्यात मी तेवढेच डंबेल घेऊन तितक्याच वेळा बसले, आणि निम्मंही दुखलं नाही. दुखलं तरच फायदा झाला, असं जिममधली तरुण मुलं छातीठोक सांगतात. खोटं आहे ते. वाढीला मुख्यतः ताण लागतो. दुखणं हे नवखेपणाचं लक्षण.

आता ती शेकडो केंद्रकं. आईच्या पोटात असतानाच लहान लहान पेशी एकमेकींत मिसळून स्नायूचा एकेक लांब धागा होतात, म्हणून प्रत्येकीचं केंद्रक त्या धाग्यात. एकदा धागा झाला की तो दुभंगत नाही आणि त्यातली केंद्रकंही पुन्हा विभागत नाहीत. मग धागा जाड व्हायचा, फाटलेला सांधायचा, तर नवी माणसं आणायची कुठून? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर माउरो बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. धाग्याचं आवरण आणि त्यावरचा पातळ पापुद्रा यांच्या फटीत त्यांना चिकटून बसलेल्या लहानशा पेशी दिसल्या. साल १९६१. गोंयकाराला १९६१ म्हटलं की दुसरंच काही आठवतं. आई तेव्हा १९ वर्षांची होती आणि भारतीय सैन्याच्या गाड्या बघायला माडीच्या खिडकीत चढली होती.

माउरोंनी त्यांना उपग्रह पेशी म्हटलं. मला हे नाव पसंत नाही. उपग्रह सारखा फिरतो. ह्या तर पडून असतात. आमच्या सोप्यावर वडिलांचे एक दूरचे मामा कायम पडलेले असायचे. धड घरात नाहीत, धड बाहेर नाहीत. वर्षभर त्यांच्याकडे कोणी बघत नसे. पण मे महिन्यात कौलं परतायची वेळ आली, चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची असली, की ते कोणी न सांगता उठत आणि काम संपेपर्यंत घरातलेच होऊन जात. ह्या पेशी अगदी तशा. स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त भार पडला, कुठे फाटलं, की त्या जाग्या होतात आणि विभागू लागतात. त्यांतल्या काही धाग्यात मिसळतात आणि आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात. काही परत सोप्यावर जाऊन झोपतात, पुढच्या खेपेला कोणी असावं म्हणून. एका केंद्रकाला आसपासचा ठरावीक मुलूखच सांभाळता येतो. थोडीफार वाढ जुन्या केंद्रकांवर निभते, घर बरंच मोठं करायचं तर हात वाढवावे लागतात. मुलांना तीन गुणांसाठी पाठ करायला लावलेल्या त्या शब्दाचं उत्तर हे असं सोप्यावर झोपलेलं होतं.

आणि भार पडला ही बातमी पेशीत पोचते कशी? तिची एक वाट ज्या तऱ्हेनं सापडली, ती गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९६४ साली कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक औषधी द्रव्य मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून ते रापामायसिन. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतातून गेलेले शास्त्रज्ञ. पुढे कंपनीनं ते काम गुंडाळलं, माँट्रियलची प्रयोगशाळाही बंद केली, तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना आज ते औषध देतात. हे औषध पेशीत नेमकं कशाला अडवतं याचा शोध घेतला तेव्हा एक प्रथिन हाती लागलं, आणि त्याला नाव मिळालं 'रापामायसिनचं लक्ष्य', म्हणजे एमटॉर. कुलपाला किल्लीवरून नाव. स्नायूवर ताण आला, अन्नातून अमिनो आम्लं आली, की हे एमटॉर पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला कामाला लावतं. उंदरांना रापामायसिन देऊन स्नायूंवर जादा भार टाकला, तर स्नायू जवळजवळ वाढत नाहीत, असं २००१ साली दिसलं.

व्यायामानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, हे प्रथिन विणण्याचं काम वाढलेल्या वेगानं चालू राहतं. म्हणजे मी जिममध्ये असते तेव्हा काहीच वाढत नसतं. मी घरी हुमणाला वाटण लावत असते, मालिका बघत असते, तेव्हा वाढतं. माणसाच्या स्नायूत धाग्यांची संख्या या व्यायामानं जवळपास वाढत नाही. जो आहे तो प्रत्येक धागा भरतो. पीळ तेवढेच, काथा जाड.

वडिलांना मधुमेह होता. आमच्याकडे हे वाक्य सांगायची गरज नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. रक्तातली साखर स्नायूत शिरायला एरवी इन्शुलिननं पुढचं दार उघडावं लागतं. पण काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता मागलं दार स्वतःच उघडतो. वडिलांना आम्ही फक्त भात कमी करा म्हणत राहिलो.

ऑक्टोबरात आईचा घोटा पुरता बरा झाला, पण ती खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांड्या दाबत होती. ती घसरली तेव्हा सावरू का शकली नाही, हे मी तिला बांगड्यावरून समजावलं. बांगडा उघडला की कडेनं एक काळपट लाल पट्टी दिसते. ते मांस दिवसभर संथ पोहायचं. बाकीचं फिकट मांस एकदम उसळी मारायचं. आपल्यात हे दोन्ही धागे मिसळलेले असतात, आणि म्हातारपणी मुख्यतः उसळीचे रोडावतात. त्यांच्या चेतापेशी मरतात; पोरके झालेले काही धागे शेजारची संथ चेतापेशी दत्तक घेते आणि ते तिच्या वळणावर जातात, उरलेले सुकतात. घसरल्यावर लागते ती उसळी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बांगडे आता महाग झालेत.

मग मी तिला बोस्टनची गोष्ट सांगितली. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली वृद्धाश्रमातल्या दहा जणांना घेतलं, सगळे नव्वदीच्या आसपासचे, अशक्त, आणि त्यांच्या पायांना आठ आठवडे चांगल्या जड वजनांचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतला स्नायू ९ टक्क्यांनी वाढला. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा बघितले. ९ आणि १७४ यांच्यामधली बरीचशी जागा तालमीची. नव्वदाव्या वर्षीसुद्धा संभाजीला एन्ट्री शिकवता येते.

डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस मी माशेलला जायची. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी, उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवून तीनदा. आई पोर्तुगीज अमदानीत दोन वर्षं शाळेत गेलेली आहे. तिथलं तिला काही येत नाही असं ती सांगते, पण आकडे मात्र त्याच भाषेत मोजते. उं, दोयश, त्रेश. तिसऱ्याला थांबली. डिसेंबरपर्यंत एक उशी गेली आणि ती ओयतुपर्यंत पोचली. आठ. संक्रांतीच्या सुमाराला दुसरीही उशी गेली.

जेवणावरून मात्र भांडणं झाली. तिचं जेवण म्हणजे पेज, लोणचं आणि असलंच तर सुक्या मासळीचं किसमूर. आयसीएमआरच्या हिशेबानं प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. वय झालेल्यांना एक ते १.२ ग्रॅम द्यावं असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे, कारण म्हाताऱ्या स्नायूला अन्नाची हाक कमी ऐकू येते. म्हणजे आईला पन्नासेक ग्रॅम. पेजेत ते कुठून येणार? "म्हातारपणीं कितलें खावचें," ती म्हणायची. मी पेजेबरोबर आळसांद्यांची (चवळीची) भाजी करून ठेवू लागले, सकाळी एक अंडं, दुपारी बांगडा. सोमवारी मासळी नाही, त्या दिवशी दही. गुरुवारचा तिचा उपास मी मोडू शकले नाही.

हातांसाठी तिला दोन किलोचा डंबेल नेऊन दिला. तिनं तो दरवाज्याला टेका म्हणून लावला. "हें लोखंड म्हाका नाका." न्हाणीतून तांब्याचा कळसो आणला, अर्धा भरला आणि तो ओट्यावर चढवून परत उतरवू लागली. मी अडवलं नाही. वजन हलकं असलं तरी दम संपत येईपर्यंत उचललं की स्नायू जवळपास तेवढाच वाढतो, असं माझ्या वाचनात आलं होतं. आणि कळसो किती किलोचा आहे हे धाग्याला कुठे वाचता येतं!

ह्याच कळशानं मी मुलगी असताना विहिरीतून पाणी काढायची. दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत, सकाळी बारा कळसे, संध्याकाळी आठ. मग नळ आला, मग लग्न, मग फोंड्याचा फ्लॅट आणि लिफ्ट. जिममध्ये माझी पाठ इतर बायकांपेक्षा लवकर वळणावर आली, असं तो पोरगा म्हणाला, तेव्हा मला ती विहीर आठवली. ऑस्लोत २०१० साली उंदरांवर दिसलं होतं की भारानं वाढलेला स्नायू पुढे कामावाचून रोडावला, तरी मिळालेली नवी केंद्रकं जात नाहीत. माणसांत असंच घडतं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण २०१८ सालच्या एका प्रयोगात पुरुषांनी सात आठवडे व्यायाम केला, सात आठवडे बंद ठेवला आणि पुन्हा सात आठवडे केला. दुसऱ्या खेपेला वाढ जास्त झाली, आणि त्यांच्या डीएनएवरच्या काही रासायनिक खुणा मधल्या बंदमध्येही टिकून होत्या. सात आठवडे कुठे आणि माझी चाळीस वर्षं कुठे. हे ताणून माझ्या पाठीला लावू नये, एवढं विज्ञान मला येतं. तरी मनात आलंच. गावात कितीतरी घरं वर्षभर बंद असतात. चवथीला मुंबईहून माणसं येतात, कुलूप काढतात, आणि दोन तासांत चूल पेटते, कारण भांडी जिथल्या तिथे असतात.

मार्चमध्ये, शिगम्याच्या आठवड्यात, मी ४५ किलो उचलले. ४६ मात्र होईनात. बार २० किलोचा, आणि जिममधली सर्वांत लहान चकती सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की ४५ वरून एकदम साडेसत्तेचाळीस. मी म्हटलं, ४५ म्हणजे ४६ च की. ४१ मार्कांचा तो मुलगा म्हणाला, "ना टीचर. तुमी म्हाका अर्दो मार्क केन्ना दिल्लो?" तो खाली उतरला, शेजारच्या दुकानातून अर्ध्या किलोची साखरेची दोन पाकिटं आणली आणि बारच्या दोन टोकांना चिकटपट्टीनं गुंडाळली. मी पाय रोवले, पाठ सरळ केली, श्वास धरला. बार गुडघ्यांपर्यंत आला, थांबला, मग वर आला. पाकिटातून थोडी साखर सांडली. माणूस म्हणजे बार नव्हे, तो ढिला पडतो, कलतो, गळ्यात पडतो, हे मला माहीत आहे. तरी ते ४६ किलो होते.

ती साखर घेऊन मी संध्याकाळी माशेलला गेले. आई अंगणात होती, हातात तांब्या. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं. डॉक्टरांच्या पायरीवर मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. काट्यावर ती स्वतःच चढली.

४८.

मी जिममध्ये फोन लावला. पलीकडे वजनं आदळल्याचा आवाज येत होता. त्यानं क्षणभर हिशेब केला असावा.

"टीचर," तो म्हणाला, "फाल्यां पाव किलोचीं दोन पाकिटां घेवन येयात."